एकुलतं नाव

आगोरीत्सा गेली, हे मला विजेच्या खांबाने सांगितलं. आमच्या बेकरीच्या दारासमोरच तो खांब आहे. गावात कुणी मेलं की मृत्यूचा कागद त्याच्यावरच चिकटतो. माझा नवरा मान्थोस म्हणतो, आपला पाव चवीमुळे खपत नाही, खांब वाचायला आलेले लोक रिकाम्या हाताने परत जायला लाजतात म्हणून खपतो. त्या सकाळी मी शटर वर केलं, समोर बघितलं आणि हात तसाच वर राहिला. काळी चौकट, वर क्रूस आणि खाली ठसठशीत अक्षरं: आमची प्रिय आगोरीत्सा गालानी, थानासिस यांची कन्या, वय वर्षे ऐंशी. अंत्यविधी आज दुपारी, गावच्या चर्चमध्ये. शोकाकुल नातेवाईक.

"अरे मान्थोस! बाहेर ये! आपली आगोरीत्सा गेली रे!"

तो पिठाच्या हातांनीच आला. वाचलं, छातीवर क्रूस केला, तेवढं पीठ शर्टाला लागलं.

"काल तर डोळे दाखवायला हाल्किदाला गेली होती ना?"

"गेली होती. संध्याकाळच्या बसने आलीच नाही. बघ, खिडक्या बंद आहेत अजून."

"डोळे दाखवायला गेलेलं माणूस मरतं का कुठे?"

"या वयात माणसाला मरायला निमित्त लागत नाही," मी म्हटलं आणि पायरीवरच बसून रडायला लागले.

माझा आवाज ऐकून समोरची पोलिक्सेनी आली. पोलिक्सेनीला रडायला लांबचं नातंही पुरतं, इथे तर शेजारीण होती. तिने छाती पिटली, केस मोकळे सोडले, "माझी बाहुली गं, माझी पक्षीण गं" असा सूर लावला आणि सूर लावता लावता कागद वाचला. मध्येच थांबली.

"ऐंशी?"

"काय?"

"इथे ऐंशी लिहिलंय! मला चौऱ्याहत्तर सांगत होती ही बया! 'पोलिक्सेनी, तू मोठी, तू बस आधी,' म्हणून बसमध्ये मला खुर्ची द्यायची. चारचौघांत मला म्हातारी केली हिने!"

"पोलिक्सेनी, मेलेल्या माणसाचं वय काढू नये."

"मी कुठे काढतेय? कागदच काढतोय."

आता कुणी विचारेल, की बायांनो, तो कागद दुसऱ्याच कुणाचा असेल अशी शंका तुम्हाला कशी आली नाही? पण शंका येणार कुठून? गावात मारिया ढिगाने आहेत. खांबावर मारिया दिसली की आम्ही आधी बापाचं नाव बघतो, मग नवऱ्याचं, मग टोपणनाव आणि मग ठरवतो की रडायचं की नाही. आगोरीत्सा मात्र एकच होती. गावात एक आणि माझ्या माहितीत आख्ख्या एविया बेटावर एक.

ते नाव म्हणजे नाव नव्हेच, नवस आहे. आगोरीत्सा म्हणजे मुलगा, लहानसा मुलगा, पण मुलीच्या साच्यात घातलेला. जुन्या काळी ज्या घरी एकामागून एक मुलीच यायच्या, तिथे शेवटच्या मुलीचं नाव आगोरीत्सा ठेवायचे. देवाला आडून सांगितलेलं कळत नसेल तर सरळ सांगावं, की बाबा रे, आता मुलगा दे. आमच्या आगोरीत्साच्या आजीचं नाव असंच पडलं. ती पाचवी पोर. तिच्या पाठीवर दोन मुलगे झाले, तेव्हापासून ती म्हातारी मरेपर्यंत पायगुणाची म्हणून मिरवली. स्वभावाने अशी, की तिच्या सावलीतून कोंबडी जायची नाही.

या नावाचा कुणी संत नाही. त्यामुळे बाकीच्या बायकांच्या नावाच्या संताच्या दिवशी त्यांच्या घरी लोक मिठाईचे खोके घेऊन जातात, तसं हिच्याकडे कुणी जात नसे. सर्व संतांच्या रविवारी ती स्वतःच बदामाचे लाडू करून दारोदार वाटायची. "माझा संत गर्दीत कुठेतरी उभा आहे," म्हणायची, "त्याला बिचाऱ्याला पुढे यायला लाज वाटते."

आणि पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं, हे तर आमच्याकडे कुणी विचारतही नाही. सूर्य उगवतो तसं ते होतं. आजीचं नाव नातीत उभं राहिलं नाही तर आजी जिवंतपणी मेली असं धरतात. तेव्हा त्या म्हातारीच्या मुलाला, कॅप्टन थानासिसला मुलगी झाली आणि ती आगोरीत्सा झाली. पण या वेळी देवाने ऐकलं नाही. मुलगा झाला नाही, उलट बाळाची आईच तापाने गेली. घरात उरले कॅप्टन, म्हातारी आणि मुलगा नावाची मुलगी.

शाळेत पोरं तिला छळायची. "ए मुला, चल फुटबॉलला." एकाचा तिने पाटी घालून दात पाडला. बापाने तिला रागवायचं सोडून त्या पोराच्या बापाला म्हटलं, "माझ्या पोरीला मुलगा म्हणता ना, मग मुलाच्या हातचा मारही खा." पुढे ती खरंच त्याचा मुलगा झाली. कॅप्टनचं लाकडी गलबत होतं, आमच्या डोंगरातल्या पाइनच्या राळेची पिंपं बंदरोबंदरी पोचवायचं. आगोरीत्सा दोर ओढायची, पिंपं लोटायची, शिडात गाठी मारायची. हाल्किदाला गेली, स्कियाथोसला गेली. फक्त वोलोसला कॅप्टन तिला कधी नेत नसे. "ते बंदर पोरीबाळींचं नाही," म्हणायचा. आम्हाला ते पटायचं, कारण बंदरं कशी असतात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

लग्न तिने केलं नाही. दोन स्थळं आली होती. एकाने विचारलं, "तुला नुसतं रीता म्हटलं तर चालेल का?" तिने त्याला दार दाखवलं. "आज नाव कापतोय, उद्या मला कापेल." त्या नावाचा तिला असा काही ताठा होता, की विचारू नका. पेन्शनच्या कचेरीत एका पोराने विचारलं, "बाई, हे खरं नाव आहे की घरातलं?" तिने उलट विचारलं, "तुझं काय?" तो म्हणाला, "योर्गोस." "बघ," ती म्हणाली, "रस्त्यात कुणी योर्गोस म्हणून हाक मारली तर अर्धा बाजार वळतो. मला हाक मारली तर मी एकटीच वळते."

म्हातारपणी मात्र हाच ताठा तिला खायला लागला. शाळेतल्या मास्तरणीने कुठेसं शोधून तिला सांगितलं, की तुमच्या नावाच्या थोड्या म्हाताऱ्या पलीकडे मुख्य भूमीवर, रुमेलीच्या डोंगरात उरल्यात, नव्या पोरींत कुणीच ठेवत नाही. त्यानंतर ती गावात जन्मणाऱ्या प्रत्येक पोरीची धर्ममाता व्हायला निघाली. झबलं मी आणते, सोन्याचा क्रूस मी घालते, फक्त नाव माझं ठेवा. पोलिक्सेनीच्या सुनेने तोंडावर सांगितलं, "पोरीला काय मुलगा म्हणून हाक मारू?" आगोरीत्सा हसली, पण आठवडाभर पाव न्यायला आली नाही.

तर अशी ती एकुलती एक आणि तिचं नाव खांबावर. आम्ही तिघं बेकरीत उभे राहून कामं वाटून घेत होतो. मृताच्या नावाने वाटायचे गहू मी उकडणार, कडू कॉफी पोलिक्सेनी बघणार, ब्रँडी मान्थोस आणणार. तेवढ्यात सकाळची बस थांबली, दाराची घंटा वाजली आणि आगोरीत्सा आत आली.

"अर्धा पाव दे. कालचा खपवू नकोस."

पोलिक्सेनी किंचाळली आणि पिठाच्या पोत्यांवर बसकण मारली. मान्थोसच्या हातातला ट्रे पडला, पाव सगळीकडे घरंगळले.  मी नुसते क्रूसावर क्रूस करत राहिले.

"काय गं? भूत बघितलं का?" आगोरीत्साने विचारलं. "आणि तू पोत्यांवर काय करतेस, पोलिक्सेनी? कोण मेलं?"

 मान्थोसने खांबाकडे बोट दाखवलं. ती बाहेर गेली, खांबाला नाक लावून उभी राहिली आणि वैतागून परत वळली.

"मेल्या डॉक्टरने डोळ्यांत थेंब घातले, त्याच्यापायी बस चुकली, रात्र चुलतबहिणीच्या सोफ्यावर काढली. अजून सगळं धुरकट दिसतंय. एव्हान्थिया, तू वाच."

जित्या माणसाला त्याच्याच मरणाचा कागद वाचून दाखवायची वेळ देव शत्रूवरही न आणो. मी वाचला.  ती आधी हसली, चांगली खो खो हसली.

"ऐंशी! मारलं ते मारलं, वर वय पण वाढवलं नालायकांनी!"

"तेच मी म्हणत होते," पोत्यांवरून पोलिक्सेनी.

मग आगोरीत्साचं हसू थांबलं. "बापाचं नाव काय लिहिलंय?"

"थानासिस."

"परत वाच."

मी परत वाचलं. तिने पाव घेतला नाही. ती तडक चर्चकडे निघाली आणि आम्ही बेकरी तशीच उघडी टाकून तिच्या मागे.

पाद्री सोतिरिस नवे. तीन गावं सांभाळतात, त्यामुळे कुठल्या गावात कोण जिवंत आहे याचा त्यांचा नेहमी गोंधळ. आगोरीत्साला बघून त्यांनी प्रेमाने विचारलं, "या. मृत बाई तुमच्या कोण?"

"मृत बाई मीच आहे," आगोरीत्सा म्हणाली.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हळूहळू त्यांनी सांगितलं ते असं. वोलोसच्या अंत्यविधीवाल्याचा फोन आला होता. आगोरीत्सा गालानी, थानासिसची मुलगी, गावच्या घराण्याच्या कबरीत दफन करायची आहे. कबरीला मालकाची परवानगी लागते म्हणून पाद्रीबाबांनी तालुक्याच्या कार्यालयात विचारलं. तिथल्या बाईने बघितलं, तर कबर आगोरीत्सा गालानी, थानासिसची मुलगी हिच्याच नावावर! मालकीणच पुरायची म्हटल्यावर परवानगी कुणाची मागणार? त्यांनी होकार दिला आणि वोलोसहून आलेला कागद खांबावर लावायला सांगितला. "आणि माणूस गेलाय वर," ते चाचरत म्हणाले, "फरशी सरकवायला."

आगोरीत्सा या वयात इतकी जोरात चालू शकते हे मला माहीत नव्हतं. दफनभूमी सरूच्या झाडांमागे, चढावर आहे. आम्ही पोचलो तेव्हा माणसाने पहार लावलेली होती. खाली तिचा बाप आणि तिची आजी होती आणि तिसरी जागा तिने स्वतःसाठी ठेवलेली होती. ती जाऊन सरळ फरशीवर बसली, पाय लांब करून.

"आधी मला उचला," म्हणाली. "मग फरशी."

पाद्रीबाबांनी समजावलं, मान्थोसने समजावलं. ती म्हणाली, "माझ्या बापाच्या थडग्यात परकी बाई जाणार नाही. कुणी लबाडाने माझी कागदपत्रं चोरलीत. येऊ दे त्याला." आम्हालाही तेच वाटत होतं. हल्ली असल्या भानगडी फार ऐकू येतात. अर्धं गाव वर जमलं, कुणी पाणी आणलं, कुणी छत्री धरली. दुपार होता होता पलीकडच्या किनाऱ्यावरून येणारी फेरीबोट लागली आणि काळी गाडी घाट चढून आली.

गाडीतून साठीचा एक माणूस उतरला. टोपी हातात घेतली, मान वर केली आणि पोलिक्सेनीने माझा दंड इतका करकचून धरला, की पुढे आठवडाभर वळ होता.

"पवित्र माते! कॅप्टन!"

कॅप्टनच होता. तेच नाक, मधोमध मोडल्यासारखं. तीच चाल, जमीन हलतेय असं समजून टाकलेली पावलं. म्हाताऱ्यांनी क्रूस केले.  आगोरीत्साला मात्र धुरकट दिसत होतं, तिला फक्त कुणीतरी येतंय एवढंच कळलं.

"तूच का तो?" तिने विचारलं. "कोण आहेस?"

"थानासिस," तो म्हणाला. नाव ऐकून बायकांत कुजबूज झाली. "वोलोसहून आलो. तुम्ही गालानींकडच्या ना? मग तुम्ही माझ्या मावशी."

"कुणाची मावशी? मी एकुलती एक आहे."

"आई म्हणायची, गावी एक धाकटी बहीण आहे. तिला कधी त्रास देऊ नका."

"मग आता का देतोयस?"

"मेल्यावर त्रास नसतो, असंही म्हणायची." तो ओशाळून हसला, तेही कॅप्टनसारखंच, एका बाजूने. "तिला तिच्या बाबांजवळ ठेवायचंय. एवढंच मागितलं तिने आयुष्यात."

"तुझ्या आईचं नाव कुणी ठेवलं?"

"आजोबांनी. त्यांच्या आईचं ठेवलं." मग त्याने सहज विचारलं, "आणि मावशी, तुमचं नाव काय?"

  मग मीच पुढे होऊन ते सांगितलं.

तो दोन पावलं मागे सरकला आणि शेजारच्या थडग्याच्या कठड्यावर बसला. टोपी खाली पडली. त्यालाही ठाऊक नव्हतं! बहीण आहे एवढं त्याच्या आईने सांगितलं, बहिणीचं नाव कधी सांगितलं नाही. ती स्वतः जाणून होती की नव्हती, ते देवाला माहीत.

 एका बापाच्या दोन जिवंत मुली आणि दोघींचं नाव एक! आमच्याकडे मेलेल्या मुलीचं नाव पाठच्या मुलीला देतात, पण जिवंत मुलीचं कधी नाही. एक दुसरीला खाते म्हणतात. असलं धाडस दारुडा बापसुद्धा करणार नाही आणि आमचा कॅप्टन, देवासमोर मेणबत्ती लावल्याशिवाय शीड न उघडणारा, तो हे करून बसला होता. मला त्याचा संताप आला. मेलेल्या माणसाचा संताप आला की तो ठेवायचा कुठे हेच कळत नाही.

"माझी आजी निर्वासितांची पोर," थानासिस खाली बघत बोलायला लागला. "तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आजोबांना लग्न करायचं होतं. पण त्यांच्या आईने सांगितलं, समुद्रापलीकडून आलेली भिकारडी माझ्या उंबऱ्यावर नको. मग माझी आई झाली. आजोबांनी तिला म्हातारीचंच नाव दिलं. त्यांना वाटलं, नावाला तरी कुणी दारातून हाकलणार नाही."

"आणि म्हातारीने हाकललं," पोलिक्सेनी पुटपुटली.

"आजोबांनी आडनाव दिलं. आईने लग्नानंतरही ते सोडलं नाही. म्हणायची, बापाकडून तेवढंच मिळालंय."

पुढचं कुणी सांगायची गरजच नव्हती. तिथल्या प्रत्येक बाईला ते कळलं. कॅप्टनने मग आईच्या पसंतीची बायको केली आणि मुलगी झाली. गावाच्या दृष्टीने ती पहिली. तिचं नाव दुसरं काही ठेवलं असतं तर चर्चच्या दारातच लोकांनी विचारलं असतं, का रे थानासिस, आईचं नाव का नाही? त्याला काय उत्तर देता आलं असतं? ते नाव दुसऱ्या मुलीला देऊन झालंय, असं? झाकून ठेवायचं तर तेच नाव परत द्यायला हवं होतं. त्याने ते परत दिलं.

"ऐंशी," पोलिक्सेनी बोटांवर काहीतरी जुळवत म्हणाली. तिला कुजबुजायचं होतं, पण तिची कुजबूज बंदरापर्यंत जाते. "म्हणजे ती आधीची."

"ऐकलं मी," फरशीवरून आगोरीत्सा म्हणाली. "पहिली ती. मी नाही." तिचा आवाज लहान मुलीचा झाला होता. मला तिच्याकडे बघवेना.

पाद्रीबाबा पुढे झाले. "हे बघा, झाली ती चूक माझी आहे. कबर तुमची. तुम्ही नाही म्हणालात तर ही मंडळी परत जातील, वोलोसला सार्वजनिक दफनभूमी आहे. निर्णय तुमचा."

"नाही," आगोरीत्सा म्हणाली. "ही जागा माझी आहे. नाव पण माझं होतं. आयुष्यभर मी एकटी त्याची राखण करत बसले."

थानासिसने मान हलवली. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. तो उठला, टोपी झटकली आणि गाडीकडे निघाला. मग थांबला.

"एक सांगतो, मावशी. तुम्हाला दोष द्यायला नाही. आई आजारी पडली तेव्हा मी इथल्या कार्यालयात फोन केला होता, घराण्याची कबर आहे का म्हणून. तिथली बाई म्हणाली, आहे, आगोरीत्सा गालानीच्या नावावर. मला वाटलं, आजोबांनी आईच्या नावावर घेऊन ठेवली. मी तिला सांगितलं, आई, बाबांनी तुझी जागा ठेवलीय. तिला बोलता येत नव्हतं. पण ती हसली. नंतर ती दोन दिवस जगली, आणि चेहऱ्यावर ते हसू तसंच होतं."

सरूच्या झाडाखाली कुणीतरी नाक ओढलं. आगोरीत्सा बराच वेळ फरशीवरून हात फिरवत राहिली, घरी टेबलावरचे पावाचे कण गोळा करतात तसा.

"ते तिला शेवटचे कधी भेटले?"

"गलबत होतं तोवर दर महिन्याला यायचे. गलबत विकलं आणि यायचे बंद झाले. आई बंदरावर जाऊन बसायची."

"गलबत मी विकायला लावलं," ती म्हणाली. "त्यांना दिसत नव्हतं. खडकावर घालतील म्हणून. विकलं त्या दिवशी ते रडले. मला वाटलं, लाकडासाठी रडतायत."

मग तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "एव्हान्थिया, बाबा गेले तेव्हा तू होतीस ना गं घरी?"

"होते. सूप घेऊन आले होते."

"काय म्हणत होते ते?"

मला आठवलं. सांगू नये असं वाटलं, पण ती वाट बघत होती.

"तुझं नाव घेत होते."

"मी कुठे होते?"

"त्यांच्या उशाशी. त्यांचा हात हातात धरून."

"मी काय म्हणत होते?"

"बाबा, मी इथेच आहे. बाबा, बघा ना, मी इथेच आहे."

"आणि ते?"

 ती स्वतःच बोलली, त्या धुरकट डोळ्यांनी कुठेही न बघता. "ते माझा हात सोडवून घ्यायचे आणि दाराकडे बघायचे. आगोरीत्साला बोलवा, म्हणायचे. दार उघडं ठेवा, ती येईल. मी डॉक्टरांना सांगितलं, बाबांना भ्रम झालाय, मला ओळखत नाहीत. सगळे म्हणाले, हो, भ्रमच आहे."

मीही तेच म्हटलं होतं. आम्ही सगळ्यांनीच म्हटलं होतं. आज कळलं, की म्हातारा पूर्ण शुद्धीवर होता.

ती उठली. मान्थोस हात द्यायला गेला, तिने तो घेतला नाही. स्कर्टची धूळ झटकली, पहारवाल्या माणसाकडे वळली.

"सरकव फरशी."

दुपारी चर्चमध्ये पाद्रीबाबा जेव्हा जेव्हा "तुझी दासी आगोरीत्सा" म्हणत, तेव्हा सगळं गाव चोरून एका जिवंत बाईकडे बघायचं आणि पटकन मान फिरवायचं. ती पहिल्या रांगेत थानासिसच्या शेजारी उभी होती. शेवटचा निरोप घ्यायची वेळ आली. शवपेटीपाशी एकेक जण जाऊन कपाळावर ओठ टेकवून आला. ती सगळ्यांच्या मागून गेली. वाकली, अगदी जवळून तो चेहरा बघितला, कारण लांबून तिला दिसत नव्हतं. मग कपाळाला ओठ लावले आणि झोपलेल्या माणसाला उठवताना बोलतात तशा आवाजात म्हणाली,

"जा, आगोरीत्सा. बाबा कधीचे बोलावतायत."